सारिकाचा पाय

सारिका कॉलेजच्या मैदानावर पहिल्यांदा आली, तेव्हा शिंदे सरांनी तिला चुन्यानं आखलेल्या ट्रॅकवर दहा फेऱ्या मारायला सांगितल्या. ती तीन फेऱ्या पळाली आणि थांबली. दमली म्हणून नव्हे, तिचा श्वाससुद्धा वाढलेला नव्हता. सरांपाशी येऊन तिनं अगदी मनापासून विचारलं, "सर, फिरून पुन्हा हितंच यायचं, तर जायचं कशापायी?"

आम्ही मुली हसलो. सर हसले नाहीत. गावाकडं तू कुठं पळायचीस, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "मोटर चालू करायला."

तिचं गाव उजनीच्या पाण्याकाठी, करमाळ्याकडच्या अंगाला. वडलांची, म्हणजे आप्पांची, दोन एकर केळी आणि थोडा ऊस. पावसाळा संपताना धरणाचं पाणी पार त्यांच्या बांधाला येऊन टेकतं. संक्रांतीनंतर ते मागं सरायला लागतं आणि त्याच्या मागोमाग मोटर, पाइप, केबल सगळं खाली न्यावं लागतं. चैत्रात घरापासून मोटरपर्यंत तीनेक किलोमीटर अंतर होतं. लाईट मोजून काही तास येणार, आणि ती आली की पाण्याकाठी जाऊन स्टार्टर दाबायचा. आप्पांचे गुडघे गेलेले, त्यामुळे दहाव्या वर्षापासून हे काम सारिकाकडं होतं. आधी घोट्याएवढा गाळ, मग पाय अडकतील अशा भेगा, मध्येच पाण्याखाली गेलेल्या जुन्या गावाच्या भिंती. "पाणी मागं सरलं की माजी प्रॅक्टिस वाढती," असं ती म्हणायची.

सरांनी तिला परत कधी गोल फिरवलं नाही. पुढच्या रविवारी ते आम्हाला सोलापूरबाहेरच्या हिप्परग्याच्या तलावावर घेऊन गेले. पलीकडच्या काठावरची एक बाभळ दाखवून तिला म्हणाले, त्या झाडाला हात लावून ये. आम्ही बाकीच्या अजून जाण्याच्या वाटेवर होतो, तेव्हा ती परत येताना आम्हाला आडवी गेली. जाता जाता मला म्हणाली, "लई काटं हायत तितं. बुंध्याला हात लाव, फांदीला नगं."

तीच आमची ओळख. मी सोलापूरची, बुधवार पेठेतली. माझी आई अंगणवाडीत आणि वडील महापालिकेत. मी पळत होते ते खेळाडूंना नोकरीत जागा असतात म्हणून, हे मी लपवत नाही. सारिका कशासाठी पळायची ते मला नीट सांगता येणार नाही. तिला ते काम वाटायचं. समोर कुठंतरी पोचायचं असतं, म्हणून पळायचं.

दुसऱ्या वर्षी वसतिगृहातलं जेवण तिला पुरेना, तेव्हा आईनं तिला आमच्याच घरी राहायला बोलावलं. ती अंगानं उंच, हात लांब, आवाज जरा जाड. धरणाच्या पाण्यापलीकडच्या माणसाला हाका मारून तो तसा झालाय, असं तिचं म्हणणं. चार भाकरी सहज खायची आणि पाचवी मागताना आईला सांगायची, "काकू, ही उद्याची." आडवी झाली की झोपली. शर्यतीच्या आदल्या दिवशी मी कूस बदलत पडायचे आणि ही शेजारी घोरत असायची.

शर्यतीबद्दल तिची स्वतःची काही मतं होती. मी मध्येच ढेपाळते हे तिला ठाऊक होतं. ती सांगायची, "दम गेला तर माघारी येतोय, नंबर गेला तर येत न्हाय." एकदा मला पुढची मुलगी फार लांब वाटते, असं मी म्हटलं, तर म्हणाली, "तिची टाच बघायची. तोंड काय, पुढं जाऊन मागं वळलीस की दिसंलच की." ती कुणाला हरवायचं म्हणून असं बोलायची नाही. पीक कसं घ्यायचं ते एखादा शेजारी सांगतो ना, तसं सांगायची.

एक गोष्ट मला ती घरी राहायला आल्यावर दोन-तीन महिन्यांत कळली होती. तिला पाळी येत नव्हती. विसाव्या वर्षापर्यंत एकदाही आलेली नव्हती. तिच्या आईनं तिला टेंभुर्णीच्या एका डॉक्टरांकडं नेलं होतं. ते म्हणाले, मुलगी फार पळते, अशा मुलींना उशिरा येते. आमच्यातल्या दोघीतिघींची पाळीही पळण्यामुळं मागंपुढं व्हायचीच, म्हणून मलाही त्यात काही विशेष वाटलं नाही. सारिका तर खूशच होती. दर महिन्याला मी पोट धरून बसले की म्हणायची, "माजी वाट चुकली बग. चुकू दे की, बरंच हाय."

त्या हिवाळ्यात क्रॉसकंट्रीच्या आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेसाठी देशाच्या संघाची निवड होती. क्रॉसकंट्री म्हणजे ट्रॅक नाही, डांबर नाही. माती, चिखल, चढउतार, आणि मुलींना दहा किलोमीटर. उत्तरेतल्या एका शहरात निवड चाचणी झाली. सहा जणी जाणार होत्या. सारिका तिसरी आली. मी सातवी आले, म्हणजे राखीव. सर मैदानाच्या कडेला उभे होते. सारिकाचा नंबर पक्का झाल्यावर ते खाली बसले आणि बूट सोडून पुन्हा बांधायला लागले. त्यांचे डोळे आम्हाला दिसू नयेत म्हणून ते तसं करत होते, हे आम्हाला कळत होतं.

गावानं तिची ट्रॅक्टरवरून मिरवणूक काढली. फाट्यावर, एसटी थांबते तिथं, मोठा फ्लेक्स लागला. त्यात सारिका पळताना, आणि कोपऱ्यात हात जोडलेले गावातले सात-आठ पुढारी. तिच्या आप्पांनी त्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं, की तिथं परदेशात जमीन कसली असते, काळी की मुरमाड. मला सांगता आलं नाही.

मग सराव शिबिरात आमची तपासणी झाली. नवा नियम आला होता. आंतरराष्ट्रीय स्पर्धेला जाणाऱ्या प्रत्येक मुलीची ती एकदा करायची होती. एका बाईंनी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली आणि बाटलीत घातली. आम्हा राखीव मुलींचीही झाली. दोन मिनिटांचं काम. सारिकाला गुदगुल्या झाल्या आणि ती हसत सुटली. त्या बाईंना काडी परत फिरवावी लागली.

शिबिराहून परतल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी, सरांनी आम्हा दोघींना त्यांच्या खोलीत बोलावलं. व्यायामशाळेच्या मागं ती लहानशी खोली आहे, तिथं भाले आणि अडथळे ठेवलेले असतात. सरांच्या हातात एक छापलेला कागद होता. तो त्यांनी बऱ्याचदा वाचलेला असावा, कारण घड्या मऊ पडल्या होत्या. तरी ते मला म्हणाले, "वर्षा, तू वाच. माझं इंग्रजी सुट्टीच्या अर्जापुरतं."

पत्र चार ओळींचं होतं. मी मनात वाचलं. सारिका माझ्या तोंडाकडं बघत होती.

मी म्हटलं, "तपासणीत तुझं जमलेलं नाही म्हणतात. मुलींच्या गटात तुला पळता येणार नाही."

"कशापायी?" ती म्हणाली. "मी काय घेतलं न्हाय. गोळी न्हाय, इंजेक्शन न्हाय. काकूंना विचार की."

तसलं काही नाही, असं मी सांगितलं. तुझ्या शरीरात एक गोष्ट सापडली आहे, जी पुरुषांत असते, जन्मापासून असते, असं काहीतरी बोलत गेले. जनुक हा शब्द मी शाळेत जीवशास्त्राच्या पुस्तकातून पाठ केला होता. तो समोर बसलेल्या माणसाला सांगायची वेळ येते, हे तिथं कुणी शिकवलं नव्हतं. माझं वाक्य पुरं झालंच नाही.

सारिका म्हणाली, "म्हंजी मी पोरगी न्हाय, असं लिवलंय?"

सर उठले आणि खिडकी लावायला गेले. ती लावलेलीच होती. ते तिथंच कडीवर हात ठेवून उभे राहिले. अडचण कुठलीही असो, ते "बघू की" म्हणायचे आणि काहीतरी वाट निघायची. त्या दिवशी ते तेवढंही म्हणाले नाहीत.

सारिकानं मला विचारलं, "मग तू जाणार?"

मी सातवी होते. एक जागा रिकामी झाली होती. पत्र वाचताना, दुसऱ्या ओळीवर, हे माझ्या मनात येऊन गेलं होतं आणि मला आनंद झाला होता. क्षणभरच, पण झाला होता. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "जा की. जागा कशाला वाया घालवायची."

सरांनी वर महासंघाकडं अर्ज केला. पुन्हा तपासणी करा, म्हणून पत्रं लिहिली, फोन केले. प्रत्येक माणूस सभ्यपणे बोलायचा आणि दुसऱ्या माणसाचा नंबर द्यायचा. दरम्यान सर आम्हाला पुण्याला एका मोठ्या डॉक्टरबाईंकडं घेऊन गेले. बाई चांगल्या होत्या. त्यांनी सरांना बाहेर बसवलं, आमच्यासाठी चहा मागवला आणि सगळं मराठीत सांगितलं. काही मुलींची आतली घडण जन्मापासून वेगळी असते. यात तुझा दोष नाही, तुझ्या आईचा नाही. तुला गर्भाशय नाही, त्यामुळे पाळी कधी येणार नाही. पण तू मुलगी आहेस, मुलगी म्हणून वाढलीस, तुला कुणी दुसरं काही म्हणू शकत नाही. हा नियम फक्त शर्यतीचा आहे.

सारिका लक्ष देऊन ऐकत होती. गर्भाशयाचं ऐकून तिनं मांडीवरचा रुमाल एकदा उलगडला आणि परत त्याची घडी घातली. मग म्हणाली, "बाई, मी पोरगी हाय, हे आत्ता तुमी म्हणालात. तेवढं त्यांना लिवून द्या की."

डॉक्टरबाई म्हणाल्या, देईन, आज देईन. मग लिहायला कागद पुढं ओढत म्हणाल्या, "पण ते माझं ऐकणार नाहीत, बाळ."

त्यांनी खरोखर लिहून दिलं. तो कागदही सरांनी पाठवला. स्पर्धा होऊन गेली तरी उत्तर आलं नाही.

परतताना गाडीत प्रश्न उभा राहिला, की घरी काय सांगायचं. पत्र गुप्त होतं, नाव कुठं येणार नव्हतं, पण संघातून काढल्याचं तर कळणारच. सर म्हणाले, आप्पांशी मी बोलतो. पण काय बोलणार, ते त्यांना सुचत नव्हतं. इंदापूर मागं पडल्यावर सारिकाच म्हणाली, "पायाचं हाड चिरलंय म्हणा. पळणाऱ्यांचं चिरतंय, सगळ्यांना म्हाईत हाय."

दुसऱ्या आठवड्यात मी तिच्याबरोबर गावी गेले. उजव्या पायाला तिनं आमच्या घरूनच पट्टी बांधून घेतली होती. एसटीत ती नीट होती. माझ्या आधी उठून तिनं दोघींच्या पिशव्या खाली घेतल्या. फाट्यावर उतरली, जमिनीवर पाय टेकला आणि लंगडायला लागली. वर तिचाच फ्लेक्स होता. टपरीवरची माणसं उठून जवळ आली. कुणी म्हणालं, पोरीला दृष्ट लागली. कुणी हाडवैद्याचं नाव सांगितलं. ती सगळ्यांना व्हय व्हय म्हणत पुढं चालत होती आणि मी तिच्या मागून. इतके दिवस मी तिच्या मागून पळाले होते. तिला इतकं हळू चालताना पाहायची माझी ती पहिलीच वेळ.

घरी आप्पांनी तिला आधी बसवलं. त्यांनी बांधावरून निरगुडीचा पाला आणला, तव्यावर गरम केला. तिचा पाय मांडीवर घेतला, पट्टी सोडली, आणि तेल लावून वरून पाला बांधला. संध्याकाळी पुन्हा तेच. सारिका भिंतीला टेकून बसली होती. आप्पांनी घोट्यावर अंगठा दाबून "हितं?" विचारलं की ती "व्हय" म्हणायची. मी तांब्यातलं पाणी पीत राहिले. मला तहान नव्हती.

तिथं ती दोन महिने तशी लंगडली. मोटर चालू करायला आप्पाच जायचे, गुडघे धरत.

मी स्पर्धेला गेले. युरोपातलं एक लहान गाव. थंडी, बारीक पाऊस आणि काळीभोर जमीन. निघण्याआधी फोनवर सारिकानं मला चिखल समजावून दिला होता. "चमकतंय तितं पाय टाकायचा न्हाय, तितं खोल आसतंय. मळकट दिसंल तितनं जा." मी तसंच केलं. माझ्या पुढच्या दोघी-तिघी घसरून पडल्या, मी पडले नाही. तरीही मी मागच्याच घोळक्यात राहिले. आमचा संघही मागंच राहिला. शेवटच्या चढावर माझ्या मनात एकच आलं, की सारिका केव्हाच पोचली असती. ती असती तर संघ पुढं गेला असता, हे सगळ्या मुलींना ठाऊक होतं. कुणी बोललं नाही, आणि ते मला जास्त लागलं.

शर्यत संपल्यावर मी तिला फोन केला. तिनं नंबर विचारला नाही. तिनं मोबाईलवर सगळं पाहिलं होतं. म्हणाली, "आप्पांना सांग, जमीन काळी हाय." आणि फोन त्यांच्याकडं दिला.

माझ्या त्या स्पर्धेच्या प्रमाणपत्रामुळं मला नोकरी लागली. आज मी सोलापुरातच एका सरकारी कार्यालयात आहे. हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला.

ते दोन महिने संपल्यावर सारिकानं पाय बरा झाला म्हणून जाहीर केलं, पण डॉक्टरांनी पळायला बंदी केली आहे, असंही सांगितलं. कॉलेजमध्ये ती परत आली नाही. सर दोनदा गावी जाऊन आले. एकदा ते तिला म्हणाले, गावोगावच्या मॅरेथॉनला कुणी तपासत नाही, तिथं पळ. ती म्हणाली, "सर, तितं कुणी वळखलं तर मी काय सांगू?" घरी स्थळं यायला लागली होती. ती प्रत्येक स्थळाला नाही म्हणायची आणि कारण द्यायची नाही. आई चिडायची. शेवटी दिवाळीनंतर ती पुण्याजवळ एका कंपनीत कामाला लागली, पार्सलं लावायचं काम. तिथं तिच्याबरोबरच्या मुलींना ती कधीकाळी पळायची हेसुद्धा माहीत नाही.

तिच्यावर लिहू का, असं मी तिला फोनवर विचारलं. पलीकडं पट्ट्यावरून खोकी जात असल्याचा आवाज येत होता. ती म्हणाली, लिही, पण नाव दुसरं घाल. कुठलं घालू, विचारलं तर तिनंच सुचवलं. सारिका हे तिच्या गावातल्या एका म्हशीचं नाव आहे, हे तिनं मला नंतर हसत सांगितलं. मग म्हणाली, "आन् मी रडले बिडले आसं लिवू नगंस. मी रडले न्हाय." हे खरं आहे. मी तिला रडताना पाहिलं नाही.

ती पुण्याला गेल्यावर महिन्याभरानं मी तिच्या गावी गेले होते. तिच्या आईनं तिच्यासाठी काही कपडे शिवून ठेवले होते, मी पुण्याला जाणार होते, ते न्यायचे होते. परत निघाले तेव्हा आप्पा मला फाट्यापर्यंत सोडायला आले. फ्लेक्स केव्हाच उतरवला होता, नुसते दोन बांबू उभे होते. एसटीला वेळ होता. आम्ही मैलाच्या दगडापाशी उभे राहिलो.

आप्पा म्हणाले, "तिच्या पायाला कायबी झालं नव्हतं."

मी कपड्यांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"मला पयल्याच दिवशी कळलं. माजा जलम जनावरात गेला. मुका बैल सुदिक कुटं दुखतंय ते सांगतो. अंगठा दाबला की कातडं थरारतं. तिचं थरारलं न्हाय." ते रस्त्याकडं बघत होते. "एक दिवस इसरून ती डाव्या पायानं लंगडली. मग मी त्या दिवशी डावा चोळला."

मी विचारलं, तिला का नाही विचारलंत?

"ती सांगत न्हाय म्हंजी सांगण्यासारकं नसंल. मग दुसरं काय करणार हुतो मी? तेल हुतं, पाला हुता." ते माझ्याकडं वळले. "तुला म्हाईत आसंल. पन तू बी सांगू नगंस, पोरी. तिनं न्हाय सांगितलं, तर तू कशाला. येवढंच सांग, तिला दुखतंय का कुटं?"

वळणावर एसटी दिसायला लागली होती.

"नाही, आप्पा," मी म्हटलं. "कुठं दुखत नाही."

त्यांनी मान हलवली. मग रस्त्याच्या मध्यापर्यंत जाऊन, हात वर करून, माझ्यासाठी गाडी थांबवली.